निहाल सरिनच्या अतिजलद खेळाचे अनुकरण विद्यार्थ्याने कितपत करावे?

प्रश्न: गोदाकाठचा_उंट

नमस्कार. मी नाशिकमध्ये शाळकरी मुलांसाठी बुद्धिबळाचा एक छोटा वर्ग चालवतो. वर्गातील तेरा वर्षांचा एक विद्यार्थी गेल्या वर्षभरापासून लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर तीन मिनिटांचे, म्हणजे प्रत्येक चालीमागे एकही सेकंद वाढवून न मिळणारे, डाव मोठ्या प्रमाणात खेळत आहे. भारताचा ग्रँडमास्टर निहाल सरिन हा त्याचा आदर्श आहे. निहालच्या लिचेसवरील खात्यातील डाव तो नियमितपणे उतरवून घेतो, पटावर मांडतो आणि त्याच ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, स्वतःच्या खेळात आणतो. ही आवड मला मनापासून मोलाची वाटते आणि ती मोडण्याची माझी मुळीच इच्छा नाही.

अडचण अशी आहे की त्याचे ऑनलाइन रेटिंग सातत्याने वाढत असले तरी पटावर समोरासमोर बसून खेळायच्या दीर्घ डावांत तशी प्रगती दिसत नाही. पहिल्या पंधरा चाली तो काही सेकंदांत खेळून टाकतो, बरोबरीच्या स्थितीत प्रतिस्पर्ध्याचा वेळ संपवून बरेच डाव जिंकतो आणि हीच निहालची शैली आहे असे त्याचे ठाम मत आहे. स्पर्धेत दीड तासाचे घड्याळ समोर असतानाही तो त्याच वेगाने खेळतो आणि हत्ती-प्याद्यांच्या शेवटात, म्हणजे थोडीच मोहरी उरलेल्या अंतिम टप्प्यात, हाती आलेला अर्धा गुण घालवतो.

म्हणून जाणकारांना विचारतो की निहालच्या अतिजलद खेळाचे नेमके वैशिष्ट्य कोणते मानावे आणि त्यात निव्वळ वेगाचा वाटा किती आहे? ऑनलाइन ब्लिट्झने, म्हणजे काही मिनिटांच्या डावांनी, निहालच्या प्रगतीला हातभार लावला, की गुकेशसारख्या त्याच्याहून लहान खेळाडूने क्लासिकलमध्ये, म्हणजे दीर्घ डावांत, त्याला मागे टाकले याचे कारणही तेच आहे? आणि शेवटी, या मुलाने निहालचे काय उचलावे आणि काय तूर्त बाजूला ठेवावे, यावर आपले मत हवे आहे.

उत्तर: सातव्या_रांगेतला_हत्ती

सर, आपला प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण निहालविषयी बोलताना वेगाचा उल्लेख सगळेच करतात, पण तो वेग कशावर उभा आहे याचा विचार क्वचितच होतो. त्याच्या वाटचालीचा क्रम पाहिला तर बरेचसे उत्तर तिथेच सापडते. त्रिशूरचा हा मुलगा २०१४ मध्ये दरबान येथे दहा वर्षांखालील गटाचा विश्वविजेता झाला, २०१८ मध्ये चौदाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला आणि त्याच वर्षी कोलकात्याच्या टाटा स्टील स्पर्धेत जलद प्रकारात विश्वनाथन आनंदला त्याने बरोबरीत रोखले. २०१९ मध्ये, पंधरा वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्याने क्लासिकलमध्ये २६०० एलो गुणांचा (खेळाडूचे बळ दाखवणाऱ्या मानांकनाचा) टप्पा ओलांडला. याचा अर्थ असा की ऑनलाइन ब्लिट्झमुळे तो जगभर ओळखला जाऊ लागला तेव्हा त्याच्यामागे दीर्घ डावांची अनेक वर्षांची मेहनत जमा झालेली होती. श्रीनाथ नारायणन यांच्यासारख्या ग्रँडमास्टर प्रशिक्षकाचे मार्गदर्शनही त्याला किशोरवयातच लाभले. आपला विद्यार्थी या वाटचालीचा केवळ शेवटचा, डोळ्यांत भरणारा भाग पाहत आहे.

आता शैलीविषयी. अतिजलद खेळाडूंमध्ये मला ढोबळपणे दोन प्रवृत्ती दिसतात. काही जण प्रत्येक चालीत प्रतिस्पर्ध्यापुढे नवी अडचण उभी करतात, पट गुंतागुंतीचा करतात आणि त्या गोंधळात आपण समोरच्यापेक्षा जास्त पाहू शकतो यावर विश्वास ठेवतात. निहालचा पिंड याहून वेगळा आहे. तो मोहरी सहजपणे चांगल्या घरांवर नेतो, राजा सुरक्षित ठेवतो, संधी मिळताच वजिरांची अदलाबदल करून किंचित वरचढ असलेला शेवट स्वीकारतो आणि पुढचा सगळा वेळ प्रतिस्पर्ध्याला बचाव करायला लावतो. मोहरी सुसंगत जागी असली की बहुतेक वेळा दोन-तीन चाली सारख्याच चांगल्या असतात आणि त्यांतून एक निवडायला फार वेळ लागत नाही. गुंतागुंतीच्या स्थितीत मात्र अचूक चाल एकच असते आणि ती शोधण्यात घड्याळ झरझर रिकामे होते. त्याचा वेग म्हणजे बोटांची चपळाई आहे, असे मला वाटत नाही. कमी विचारात चालतील अशा स्थिती निवडण्याची त्याची जाण त्या वेगामागे आहे. विलंबित पक्के झालेल्या गायकाची द्रुत तान ऐकताना घाई जाणवत नाही, तसे निहालचे ब्लिट्झ डाव पाहताना वाटते.

आपल्या विद्यार्थ्याला एक अभ्यास जरूर द्यावा. लिचेसवरून उतरवलेल्या डावात प्रत्येक चालीनंतर घड्याळात किती वेळ उरला होता याची नोंद असते. मुले चाली पाहतात आणि ही नोंद वाचतच नाहीत. निहालचा एखादा डाव घेऊन तो कोणत्या चालींवर थांबला एवढेच शोधायला सांगा. माझ्या पाहण्यातील डावांत तो साधारणपणे अदलाबदलीच्या तोंडावर थांबतो, विशेषतः त्या अदलाबदलीनंतर शेवट सुरू होणार असेल किंवा प्याद्यांची रचना कायमची बदलणार असेल तेव्हा. तीन मिनिटांच्या डावात एका चालीवर दहा-पंधरा सेकंद देणे हा फार मोठा खर्च आहे आणि तो खर्च कुठे करायचा हे ठरवण्यातच त्याच्या शैलीचे मर्म आहे. आपल्या विद्यार्थ्याच्या डावांतील नोंद शेजारी ठेवली, तर तो सगळ्या चालींना जवळपास सारखाच वेळ देतो असे आढळण्याची शक्यता मला जास्त वाटते.

निहालच्या प्रगतीबद्दल बोलायचे तर ऑनलाइन ब्लिट्झने त्याला निश्चितच पुष्कळ दिले. २०२० मध्ये ज्युनियर स्पीड चेस या ऑनलाइन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने तेव्हा रशियाकडून खेळणाऱ्या अलेक्सेई सारानाला हरवले आणि २०२१ मध्ये आपल्या नागपूरच्या रौनक साधवानीला नमवून ते विजेतेपद राखले. त्या सामन्यांची रचना पाहण्यासारखी आहे: आधी पाच मिनिटांचे, मग तीन मिनिटांचे आणि शेवटी एक मिनिटाचे डाव, प्रत्येक चालीला एक सेकंद वाढवून. खेळ जसजसा आखूड होत जातो तसतशी विचारांची जागा सवय घेते, आणि सवय चुकीची असेल तर ती तिथे लगेच उघडी पडते. पण पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेत, क्लासिकल डाव खेळून त्याने दुसऱ्या पटावर दहापैकी साडेसात गुणांसह वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले आणि भारताच्या ब संघाच्या कांस्यपदकात मोठा वाटा उचलला, हे ब्लिट्झला दोष देणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

उत्तर: पाच_सेकंदांचा_पट

वरील विवेचनाशी मी सहमत आहे आणि त्याला संशोधनाची थोडी जोड देऊ इच्छिते, कारण वेग आणि समज यांचा संबंध हा बुद्धिबळावरील मानसशास्त्रीय अभ्यासाचा जुना विषय आहे.

विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. खऱ्या डावातील स्थिती पाच सेकंद दाखवून पट झाकला, तर तज्ज्ञ खेळाडू ती नवशिक्यापेक्षा कितीतरी अचूक पुन्हा मांडतो. पण तीच मोहरी कशीही विखरून ठेवली, तर तज्ज्ञाची ही आघाडी जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे तज्ज्ञाची स्मरणशक्ती मुळात अधिक तीव्र नसते. तो सुटी मोहरी पाहत नाही, ओळखीचे गट पाहतो, आणि त्या गटांबरोबर त्याला योग्य चालही आठवते. पुढे २००४ मध्ये ब्रूस बर्न्स यांनी अतिजलद डावांच्या निकालांचा अभ्यास केला, तेव्हा खेळाडूंच्या एकूण कौशल्यातील फरकापैकी ८१ टक्क्यांपर्यंतचा भाग ब्लिट्झमधील कामगिरीवरून समजू शकतो असे त्यांना आढळले.

या आकड्याचा अर्थ लावताना मात्र काळजी घ्यावी लागते. ब्लिट्झ खेळल्याने कौशल्य येते असे त्यातून सिद्ध होत नाही. ज्याच्याकडे ओळखीच्या स्थितींचा मोठा साठा आहे तो कमी वेळातही चांगला खेळतो, एवढेच त्यातून दिसते. साठा वाढतो कशाने, हा वेगळा प्रश्न आहे. ब्लिट्झ डावात एखादी स्थिती डोळ्यांसमोरून निसटून जाते आणि लगेच पुढचा डाव सुरू होतो. ती स्थिती नंतर तपासली नाही, तर चुकीची चालसुद्धा तितक्याच सहजतेने अंगवळणी पडते. त्यामुळे सर, आपला विद्यार्थी किती डाव खेळतो यापेक्षा किती डाव पुन्हा उघडून पाहतो, हे विचारणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

त्याच्या वाढत्या रेटिंगबद्दलही थोडे सांगते. लिचेसवर नव्या खेळाडूची सुरुवात १५०० पासून होते आणि तेथील गणना ग्लिको नावाच्या पद्धतीची आहे, त्यामुळे तो आकडा फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या गुणांशी किंवा चेस डॉट कॉमवरील आकड्याशी थेट ताडून पाहता येत नाही. शिवाय ऑनलाइन डावात प्रीमूव्हची सोय असते. लिचेसवर आधीच ठरवून ठेवलेली चाल घड्याळातील काहीही वेळ न घेता खेळली जाते, तर पटावर मोहरे उचलून ठेवायला आणि घड्याळ दाबायलाच वेळ जातो. बरोबरीच्या स्थितीत शेवटच्या काही सेकंदांत प्रतिस्पर्ध्याचा वेळ संपवून त्याला हरवणे हे खरे कौशल्य आहे, त्याला कमी लेखू नये. पण ते त्या माध्यमाचे कौशल्य आहे आणि पटावर ते फारसे उपयोगी पडत नाही. मुलाला हा फरक स्पष्ट करून सांगितला, तर त्याचा उत्साहही टिकेल आणि स्वतःच्या खेळाचे चित्रही त्याला नीट दिसेल.

उत्तर: पुणेरी_प्यादे

मला येथे थोडा वेगळा सूर लावावासा वाटतो, कारण आतापर्यंतच्या चर्चेत ब्लिट्झची बाजू अधिक अनुकूलपणे मांडली गेली आहे आणि तेरा वर्षांच्या मुलासंबंधी बोलताना धोक्याची बाजूही तितक्याच गांभीर्याने समोर यायला हवी.

ग्रँडमास्टर अलीरेझा फिरोझाचे उदाहरण घ्या. ऑनलाइन जलद खेळात त्याच्या तोडीचे खेळाडू फार थोडे आहेत आणि २०२१ च्या अखेरीस अठराव्या वर्षी २८०० गुणांचा टप्पा ओलांडणारा तो सर्वांत तरुण खेळाडू ठरला. त्यामुळे ब्लिट्झ खेळणारा क्लासिकलमध्ये वर जाऊच शकत नाही, असे मी म्हणणार नाही. पण २०२२ मध्ये माद्रिदच्या कँडिडेट्स स्पर्धेत नेपोम्नियाचीशी असलेल्या डावाच्या आदल्या रात्री तो ऑनलाइन बुलेटचे, म्हणजे ब्लिट्झहूनही आखूड, दोनशेहून अधिक डाव खेळत बसला होता आणि दुसऱ्या दिवशी तो डाव हरला. एका रात्रीमुळे पराभव झाला असे खात्रीने कुणीच म्हणू शकणार नाही. तरीही जगज्जेतेपदाच्या आव्हानवीराची निवड होणाऱ्या स्पर्धेतसुद्धा त्या अव्वल खेळाडूला पडद्यापासून उठणे जमले नाही, ही गोष्ट पालक म्हणून मला अस्वस्थ करते. एक डाव संपताच पुढचा डाव एका स्पर्शावर मिळतो, हरल्यावर गेलेले गुण परत मिळवण्याची ओढ लागते, आणि या चक्रात विचार करण्याची सवयच मागे पडते.

गुकेशने याच्या अगदी उलट वाट धरली. त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला सुरुवातीची बरीच वर्षे चाली सुचवणाऱ्या संगणकीय इंजिनापासूनही दूर ठेवले आणि स्वतः हिशेब करण्यावर भर दिला. २०२२ च्या त्याच ब संघात तो पहिल्या पटावर सुवर्णपदक विजेता ठरला आणि १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमध्ये डिंग लिरेनला हरवून अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. जलद प्रकारांत तो कमी पडतो असे बराच काळ बोलले गेले, पण २०२५ च्या जुलैमध्ये झाग्रेबच्या स्पर्धेतील रॅपिड (जलद) विभागात, माजी जगज्जेता मॅग्नस कार्लसन खेळत असताना, त्याने अठरापैकी चौदा गुणांसह पहिले स्थान मिळवले. खोल हिशेबाची सवय असलेला खेळाडू पुढे वेग मिळवू शकतो, असे मला यातून दिसते. उलट दिशेचा प्रवास अधिक कठीण आहे असे माझे मत आहे आणि त्यामुळे या वयात दीर्घ डावांनाच प्राधान्य द्यावे, असे मी आग्रहाने सुचवेन.

उत्तर: सातव्या_रांगेतला_हत्ती

पुणेरी_प्यादे यांची काळजी रास्त आहे आणि रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या डावांविषयी मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. पण गुकेश आणि निहाल यांच्या तुलनेतून ब्लिट्झसंबंधी निष्कर्ष काढणे मला योग्य वाटत नाही. दोन खेळाडूंच्या क्लासिकल गुणांतील अंतरामागे स्वभाव, ओपनिंगची तयारी, मिळालेल्या स्पर्धांची निमंत्रणे आणि धोका पत्करण्याची वृत्ती अशी अनेक कारणे असतात. किंचित वरचढ शेवट शांतपणे खेळण्याची निहालची आवड आणि पराभवाच्या जोखमीसह विजयासाठी झगडण्याची गुकेशची तयारी, हा फरक क्लासिकलच्या खुल्या स्पर्धांत फार परिणाम करतो, कारण तिथे कमी गुणांच्या खेळाडूशी झालेली प्रत्येक बरोबरी महाग पडते. निहालच्या बाबतीत शैलीची ही बाजू मला घड्याळापेक्षा अधिक निर्णायक वाटते.

शिवाय लहानपणी वेगाने खेळणारा खेळाडू पुढे खोल विचार शिकतो, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच देशात आहे. किशोरवयात आनंद क्लासिकल डावही इतक्या झपाट्याने खेळत असे की प्रतिस्पर्धी विचार करत असताना तो पटाभोवती फिरताना दिसे. तो १९८७ मध्ये कनिष्ठ गटाचा विश्वविजेता झाला, १९८८ मध्ये देशाचा पहिला ग्रँडमास्टर झाला आणि पुढे पाच वेळा जगज्जेता. वेगाला लगाम घालणे त्याला अनुभवातून जमले आणि तो वेग त्याने टाकूनही दिला नाही. २०१७ मध्ये अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रॅपिडचे विश्वविजेतेपद त्याने याच बळावर मिळवले.

प्रतिसाद: गोदाकाठचा_उंट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घड्याळाची नोंद पाहण्याची सूचना मी कालच वर्गात अमलात आणली आणि विद्यार्थ्याने ती फार रस घेऊन केली. निहाल ज्या चालीवर थांबला होता त्याच चालीवर आपण एका सेकंदात अदलाबदल केली असती, हे त्याचे त्यालाच दिसले. आता एक व्यवहारातील शंका उरते. ब्लिट्झ पूर्ण बंद न करता तीन मिनिटांच्या डावांऐवजी तीन मिनिटे आणि प्रत्येक चालीला दोन सेकंद असे डाव खेळायला सांगितले, तर हत्तीच्या शेवटांत सुधारणा होईल का?

उत्तर: सातव्या_रांगेतला_हत्ती

होय, हा बदल लहान दिसला तरी त्याचा परिणाम मोठा असतो. जागतिक ब्लिट्झ स्पर्धाही याच घड्याळावर खेळली जाते. साठ चालींच्या डावात त्याला तीनऐवजी पाच मिनिटे मिळतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे घड्याळ जवळजवळ रिकामे असतानाही प्रत्येक चालीसाठी दोन सेकंद हमखास असतात. वाढीव सेकंद नसलेल्या डावात जिंकलेला शेवट खेळून दाखवण्याची संधीच मिळत नाही, कारण दोघांनाही नुसत्या भराभर चाली करायच्या असतात; त्यामुळे तिथे शेवटाचे तंत्र शिकण्याचे कारणच उरत नाही. दोन सेकंदांत हिशेब करता येत नाही, पण आधी शिकलेले तंत्र वापरता येते.

म्हणून घड्याळ बदलण्याबरोबर हत्तीच्या शेवटातील निदान दोन स्थिती त्याच्याकडून पक्क्या करून घ्याव्यात. फिलिडोरच्या बचावात, म्हणजे एक प्यादे कमी असताना बरोबरी राखण्याच्या पद्धतीत, राजा प्याद्यासमोर ठेवून हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या रांगेवर रोखून धरायचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या राजाला पुढे येता येत नाही, आणि प्यादे त्या रांगेत शिरताच हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन मागून शह देत राहायचे, कारण आता त्या राजाला लपायला प्याद्यासमोरची जागा मिळत नाही. ल्युसिनाच्या स्थितीत, म्हणजे एक प्यादे जास्त असताना जिंकण्याच्या स्थितीत, याउलट प्यादे सातव्या रांगेवर आणि राजा त्याच्यापुढे असतो. तिथे आपला हत्ती चौथ्या रांगेवर आणून शहाच्या आड घालायचा आणि राजाला बाहेर काढायचे. या दोन्ही स्थिती त्याने आपल्याविरुद्ध पटावर, दोन्ही बाजूंनी, घड्याळ लावून खेळाव्यात. त्यानंतरच्या ऑनलाइन डावांपैकी हत्तीच्या शेवटापर्यंत पोहोचलेले तेवढे डाव आठवड्यातून एकदा त्याच्यासोबत बसून पाहावेत आणि इंजिन सुरू करण्याआधी कुठे थांबायला हवे होते हे त्यालाच सांगू द्यावे.